यरुशलाईमचा बटवा

वैशाख आला की खालापुरात घराघरावर माणसं चढलेली दिसायची. कोणी कौलं परतत असे, कोणी पेंढा घालत असे. आमच्या शेजारच्या घरावर मात्र कावळ्याखेरीज कोणी चढलेलं मी कैक वर्षं पाहिलं नाही. ते घर हसाजी हवालदारांचं. रस्त्यानं जाणारा कोणी विचारायचा, "हवालदार, औंदा बी कौलं परतायची नायत का?" तर ते ओट्यावर बसल्या बसल्या शांतपणे म्हणायचे, "कशाला? म्होरल्या पावसाला आमी हितं कुठं असणार?"

"मंग कुठं असणार?"

"यरुशलाईमात."

विचारणारा मान हलवून पुढं जायचा. नवखा असला तर मला विचारायचा, हे गाव कुठल्या तालुक्यात येतं म्हणून.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. गावात आम्हाला शनवारतेली म्हणत, कारण आमच्या लोकांचे तेलाचे घाणे आणि शनिवारी ते बंद. आमचे पूर्वज फार फार मागं गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले असं सांगतात. त्यानंतर लुगडं, बोली, वालाचं बिरडं, सगळं इथलंच झालं. शनिवार आणि देवाची प्रार्थना एवढं मात्र बरोबर आणलं होतं, ते सोडलं नाही. मी लग्न होऊन खालापुरात आले तेव्हा घरात सासू-सासरे होते, आणि माझे यजमान कर्जतच्या स्टेशनात इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. ते आठवडाभर कर्जतला राहून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरी यायचे. त्यामुळं आठवड्यातले बाकीचे दिवस माझं बोलणं-चालणं शेजारच्या हवालदारमामांशी आणि राहेलमामीशीच जास्त.

मामा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांची पलटण शेवटी एडनला होती. तिथं त्यांना दुसऱ्या मुलखातले यहुदी भेटले, पायी आणि उंटांवरून यरुशलाईमला निघालेले. मामा नोकरीतून सुटल्यावर सरळ घरी यायचं सोडून त्यांच्याबरोबर तिकडे गेले. काही महिने राहून आले. घरी आले ते हा किडा डोक्यात घेऊनच. मामी म्हणायची, "पलटणीनं माझा दादला धड परत धाडला हुता. त्या वाटसरांनी नाय धाडला."

मामा अंगानं चांगले दणकट, चालणं कवायतीतलं, बोलणं मात्र मऊ. रागावले की हिंदुस्तानी बोलायचे, म्हणून आम्हाला कळायचं की आता राग आला आहे. दुपारी ओट्यावरच्या खाटेवर बसायचे ते नेमके पश्चिमेला तोंड करून, कारण यरुशलाईम तिकडं. कलतं ऊन सरळ डोळ्यांत शिरायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, पण खाट फिरवायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "मामा, थोडं आडवं बसा की, देव काय रागवायचा नाय." तर म्हणाले, "देव नाय रागवायचा पोरी, पण माझी सवय मोडंल."

त्यांची एक पत्र्याची ट्रंक कायम भरलेली असे. आमच्या पेसाहच्या सणाला जेवण झाल्यावर सगळ्यांनी म्हणायचं असतं, "येत्या वर्षी यरुशलाईमात." आम्ही ते म्हणायचो आणि भांडी घासायला उठायचो. मामा उठून ट्रंक भरायचे. दोन सदरे, घोंगडी, प्रार्थनेची शाल, तांब्या. दुसऱ्या दिवसापासून मामी त्यातली एकेक वस्तू लागेल तशी बाहेर काढायची आणि रिकाम्या जागेत पापड ठेवायची. पत्र्याच्या पेटीत पापड सादळत नाहीत, असं तिचं म्हणणं. वर्षाच्या शेवटी मामांनी ट्रंक उघडली की त्यात पापड, सांडगे आणि तळाला एक सदरा निघायचा. दरवर्षी हेच, आणि दरवर्षी मामांना नव्यानं आश्चर्य वाटायचं.

मामी बुटकी, काळीसावळी, हाताला कायम तेलाचा वास. घाणा तीच चालवायची. मुलंबाळं नव्हती. ती बैलाशी दिवसभर बोलायची आणि नवऱ्याशी जेवताना. मामांनी अंगणात कधी झाड लावलं नाही, "फळ धरायच्या आधी आपण जाणार," म्हणून. भेंडी, दोडका, पावसाबरोबर येणारं-जाणारं तेवढं लावायचे. एके दिवशी मामीनं न विचारता मागल्या दारी आंब्याची कोय पुरली. मामांनी विचारलं, "हा कुणासाठी?" ती म्हणाली, "आपण गेल्यावर जो राहंल त्याच्यासाठी." मामांना तेवढंच ऐकून बरं वाटलं, निदान ती 'आपण गेल्यावर' असं म्हणाली होती.

मामा कीर्तन करायचे. आमच्यात तेव्हा कीर्तनाची हौस नवी होती. मोशेची कथा, दाविदाची कथा, मराठी पदं, टाळ, मृदंग. मामांचा गळा चांगला नव्हता, हे कोणीतरी सांगायलाच हवं. पण ते यरुशलाईमचं वर्णन करू लागले की माणसं हलायची नाहीत. आणि खोटं सांगायचे नाहीत. मी पुष्कळ कीर्तनकार ऐकले, ते सोन्याच्या वेशी आणि मधाचे ओढे सांगायचे. मामा सांगायचे, तिथं दगड लय, पाणी कमी, थंडी हाडात शिरते, आपली माणसं तिथं गरीब आहेत. "पण सकाळी उठून देवळाच्या उरलेल्या भिंतीपाशी उभं रायलं ना, की वाटतं, इतके दिस मी कुणाच्या तरी घरी पाव्हणा हुतो."

दहिवलीला एका घरी मलिदा होता. मलिदा म्हणजे आमचा नवस फेडायचा विधी. गूळ, पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याचं नाव घ्यायचं आणि प्रसाद वाटायचा. त्यानंतर मामांचं कीर्तन झालं. शेवटी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मंग, चलणार कोण?" सगळे आपापल्या द्रोणात बघू लागले. घरधनी वयस्कर होते. ते म्हणाले, "हवालदार, आपल्याला हितं कुणी छळलं नाय, मारलं नाय, शनवारी घाणा चालव म्हणून कुणी दटावलं नाय. सुखात असताना जायचं कशाला?"

मामा म्हणाले, "छळ झाल्यावर जायचं त्याला पळणं म्हणत्यात, बाबा. सुखात असताना जायचं, त्याला घरी जाणं म्हणत्यात."

"देवाच्या मनात आलं की देव नेईल. एलियाहू हन्नाबी शिंग फुंकतील, तवा निघू."

"मुंबईला जायचं असलं की घरातनं कवा निघता? गाडीची शिट्टी ऐकून का?"

लोक हसले, पण हो कोणी म्हटलं नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "हवालदार, आमी आलो तर चालंल का?" तो आमच्या खालापूरचा कमळू पाटील. भातशेती करणारा कुणबी, मामांचा जुना दोस्त. मामांच्या प्रत्येक कीर्तनाला यायचा आणि सर्वांत पुढं बसायचा. म्हणाला, "तुमची मानसं नाय येत तर ऱ्हाऊ द्या. मी येतो. पाण्याचं काय ते बघू, हीर खणू." मामांनी त्याला पोटाशी धरलं. घरी येताना बैलगाडीत मला म्हणाले, "बघ पोरी. इतकी वर्सं बोलतोय, तर तयार झाला कोण, तर कमळू."

आता बटव्याचं सांगते. मामांनी यरुशलाईमहून एक कातडी बटवा आणला होता, त्यात तिथली माती. आमच्यात माणूस गेला आणि तिथली चिमूटभर माती मिळाली, तर ती त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवतात. जिवंतपणी जाणं झालं नाही, निदान तिथली माती डोळ्यांवर घेऊन जावं, एवढीच त्यात इच्छा. पूर्वी ही माती मिळायची कुठं? कधी फिरता उपदेशक आला तर. आता खालापुरात एक बटवाभर आहे म्हटल्यावर लोक चहूकडून येऊ लागले. कोणाकडं कोणी आजारी पडलं की कुंभिवलीहून, खोपोलीहून, घाटावरून माणूस यायचा आणि मामांच्या ओट्याशी उभा राहायचा. तोंडानं काही बोलायचा नाही.

मामांच्या तोंडाचा मग पट्टा सुटायचा. "जित्तेपणी चल म्हनलं तर पाय दुखतात, गुरं हायत, सून बाळंत व्हायची हाय. मेल्यावर मात्र यरुशलाईमची माती पायजे." हिंदुस्तानीत चारदोन शब्द. मग आत जायचे, पश्चिमेच्या भिंतीवरच्या खुंटीचा बटवा काढायचे, डोळे मिटून प्रार्थना म्हणत दोन बोटं आत घालायचे आणि चिमूट कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. देताना दर वेळी त्यांचे डोळे भरून यायचे. मग तो माणूस वाटेला लागेपर्यंत त्याच्या पाठीमागं बघत उभे राहायचे.

माझे सासरे गेले तेव्हा मामा बोलावल्याशिवाय आले. रागावले नाहीत. सासऱ्यांच्या डोळ्यांवर माती स्वतःच्या हातानं ठेवली आणि म्हणाले, "घे, तू पोचलास." माझ्या सासूबाई तोवर स्वतःला आवरून बसल्या होत्या, त्या तेव्हा मोकळ्या रडल्या.

एकदा मात्र मामा बटवा हातात घेऊन ओट्यावर आले आणि चिमूट उजेडात धरून म्हणाले, "राहेल, माती काळी पडायला लागली गं." मामी घाण्यापाशी होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "हितली हवा दमट. आनि घरात तेलाचे हात." मामांना पटलं. मलाही पटलं.

त्यानंतरच्या एका श्रावणात ते झालं.

आमचा एक सण आहे, बिरड्याचा. यरुशलाईमचं देऊळ पडलं, त्याच्या दुःखाचा दिवस. आधी काही दिवस मांसमच्छी वर्ज्य, आणि त्या सणाला मोड आलेल्या वालाचं बिरडं. दुःखाच्या दिवसाला इतकं चवदार जेवण कसं, हे मला कोणी सांगू शकलं नाही, मामाही नाही. ते म्हणायचे, दुसरीकडचे आपले लोक या दिवशी जमिनीवर बसून रडतात, आणि आपण बोटं चाटतो. पण ताटात बिरडं पडलं की तेही दुसऱ्यांदा मागायचे.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही पाच-सहा जणी मामीच्या पडवीत वाल सोलायला जमायचो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि बोटानं दाबून साल काढायची. पाऊस लागलेला, मामांच्या घरात नेहमीप्रमाणं जागोजागी गळती, आणि गळतीखाली मांडलेली भांडी. आम्ही गप्पा मारत सोलत होतो. आतून मामांची हाक आली, पण नुसतीच हाक. शब्द नाही.

मग ते बाहेर आले. हातात बटवा. खुंटीवर वरून पाणी ठिबकलं होतं आणि बटवा भिजून काळा झाला होता. त्याच्या तोंडातून, नाडीच्या फटीतून, एक फिकट पोपटी मान बाहेर आली होती, वाकलेली. टोकाला दोन जाड पाकळ्या.

"उगवलं," मामा म्हणाले. "ही माती मेलेली नव्हती. आपण तिला मढ्याची माती केली. जो तो डोळ्यांवर घालून पुरला. ती जित्ती हाय, बायांनो. ती आपल्याला बोलवतेय."

मी त्या कोंबाकडं बघितलं. मग माझ्या मांडीवरच्या परातीकडं बघितलं. परातीत तशाच वाकलेल्या माना शेकडो पडलेल्या होत्या. मी शेजारणीकडं बघितलं तर ती परातीकडं बघत होती. सगळ्याजणी एकदा परातीकडं, एकदा बटव्याकडं. वाल ओळखायला आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. मग सगळ्यांच्या नजरा मामीकडं गेल्या. मामीची मान खाली. हातातला वाल ती सोलत राहिली, सोललेलाच पुन्हा सोलत राहिली.

आम्हाला काय समजायचं ते समजलं. कोणी एक अक्षर बोललं नाही. मामांनी तो कोंब खापराच्या कुंडीत बटव्यातल्या सगळ्या मातीसकट लावला आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवला.

बातमी पसरली. शिंग काही फुंकलं गेलं नाही, पण हे त्याहून मोठं होतं. दहिवलीचे ते वयस्कर घरधनी स्वतः आले, कुंडीपुढं उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हवालदार, ही खूण आहे." इतकी वर्षं मामांनी जीव तोडून सांगितलं ते ज्यांना पटलं नाही, त्यांना दोन पानांनी पटवलं. पुरुष एकामागून एक तयार होत होते. आणि घरोघरच्या बायका गप्प. असा विचित्र पंधरवडा मी दुसरा पाहिला नाही. नवरा म्हणतोय यरुशलाईमला जायचं, आणि बायको चुलीकडं तोंड करून बसलेली, कारण तिला ठाऊक आहे की खूण कशाची आहे.

शुक्रवारी आमचे हे कर्जतहून आले. हातपाय धुवायच्या आत कुंडी बघून आले आणि मला म्हणाले, "मी साहेबाला नोकरी सोडतो म्हणून सांगणार आहे. आपण पहिल्या गलबतानं जायचं." जायला माझी ना नव्हती, खरं सांगते. मामांनी नेलं असतं तर मी त्यांच्या शब्दावर गेलेही असते. पण वालाच्या कोंबावर भरवसा ठेवून नोकरी सोडायची, घर मोडायचं?

रविवारी हे कर्जतला परत गेले, तशी मी मामीला घाण्यापाशी गाठलं. म्हटलं, "मामी, सांगा आता. नायतर मी सांगते."

मामीनं बैल थांबवला. म्हणाली, "मिरयाम, खरी माती कवाच संपली गं. ह्यांचा हात सढळ. मागंल त्याला देत गेले. एक दिस मी बटवा झाडायला काढला तर आत काय नाय. नुसती धूळ. आनि त्याच दिसी तुझ्या सासऱ्याचा जीव घुटमळत हुता. तुझी सासू मला इचारत हुती, माती हाय ना, राहेल, माती हाय ना. मी काय सांगू तिला? मी मागल्या दारची आंब्याखालची मूठभर माती घातली. मंग घालतच ऱ्हायले."

"मामांना कधी कळलं नाय?"

"ते डोळे मिटून घेत्यात ना."

माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांवर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या सासूबाईंना सांगायचं कसं, हे कळेना. मामी म्हणाली, "येत्या शनवारी सगळी जमणार हायत. मी सांगते. मला तेवढा धीर करू दे."

त्या शनिवारी प्रार्थनेनंतर मामांच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. दिवाळीनंतर निघायचं असा बेत ठरायचा होता. मामा नव्या सदऱ्यात उभे. त्यांच्या तोंडावरचं सुख मी अजून विसरले नाही. आयुष्यभर एकट्यानं हाका मारलेल्या माणसाला पहिल्यांदा ओ मिळाली होती. ते बोलायला सुरुवात करणार, मामी दाराआडून पुढं होणार, तेवढ्यात कमळू पाटील आला. शेतातून थेट आलेला, पाय चिखलानं भरलेले, डोक्यावर इरलं. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की हवालदारांच्या मातीतून झाड आलंय.

तो कुंडीपाशी गेला. कोंबाला आता तीन-तीन पानं फुटली होती. त्यानं एक पान बोटांत धरून उलटं केलं आणि अगदी आनंदानं म्हणाला, "अरं, हा तर वाल हाय. आपलाच. यरुशलाईमात वाल पिकतो व्हय हवालदार? मंग काय, मी आलोच."

मामा कुंडीकडं बघत राहिले. मग त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं, आणि आम्ही सगळ्याजणींनी माना खाली घातलेल्या बघून त्यांना जे कळायचं ते कळलं. "राहेल," ते म्हणाले.

मामी पुढं आली. मला सांगितलं होतं तेच तिनं सगळ्यांपुढं सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. शेवटी म्हणाली, "लोक मरत हुते. माती नव्हती. मला दुसरं सुचलं नाय."

एक जण उठला. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि माती मामांनीच दिली होती. "म्हणजे माझ्या आयेच्या डोळ्यांवर..." एवढं बोलून तो थांबला. घरात कुजबुज सुरू झाली. मामा उभे होते ते भिंतीला टेकले. ते हिंदुस्तानीत काही बोलतील म्हणून मी वाट बघत होते. ते काहीच बोलले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली.

तेव्हा माझ्या सासूबाई बोलल्या. त्या चारचौघांत कधी बोलायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्या घरधन्याच्या डोळ्यांवर राहेलच्या आंब्याखालची माती हाय, असंच ना? त्या आंब्याला त्यांनी सोता पाणी घातलंय, ती माहेरी जायची तवा. वळखीची माती हाय. ऱ्हाऊ दे." आणि मामीच्या हाताला धरून त्यांनी तिला आपल्याजवळ खाली बसवलं.

लोक हळूहळू उठून गेले. ज्यांनी ती माती डोळ्यांवर घालून आपली माणसं पुरली होती, त्यांतले काही मामीशी वर्षभर बोलले नाहीत. पुढं बोलू लागले. बेत मोडला तो मोडलाच. आमच्या ह्यांनी साहेबाला अजून काही सांगितलं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. पण ते मला म्हणाले, "मिरयाम, चार दिवस मला खरंच वाटलं होतं गं."

मामांनी मामीला एका शब्दानं दुखवलं नाही. जेवायचे, बसायचे, पण खाट आता भिंतीला लावलेली, तोंड कुठंही. कीर्तनाचे टाळ माळ्यावर गेले. पेसाहला "येत्या वर्षी यरुशलाईमात" आम्ही सगळ्यांनी म्हटलं, तेव्हा मामांचे ओठ हललेले मला दिसले नाहीत. ट्रंक भरली गेली नाही. कोणी यरुशलाईमचा विषय काढला की म्हणायचे, "देवाच्या मनात येईल तवा." तेच शब्द, ज्यांची ते आयुष्यभर थट्टा करत आले होते.

आणि वैशाखात एके सकाळी मी बघते तर मामा घरावर चढलेले. कौलं परतत होते. खाली मामी उभी, हातात नवी कौलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मी धावत गेले. म्हटलं, "काय झालं, मामी?"

ती म्हणाली, "बघ ना गं. घर शाकारतोय हा माणूस."

गळक्या घरात तिनं इतके पावसाळे काढले, एक दिवस कुरकुरली नाही. घर शाकारलेलं मात्र तिला बघवेना. त्याच संध्याकाळी तिनं ट्रंकेतले पापड बाहेर काढले आणि मामांचे सदरे आत ठेवले. स्वतःची दोन लुगडी ठेवली. मामांना म्हणाली, "चला. मी येते. खुणेबिणेची काय गरज नाय. तुमी सांगितलं तेवढं पुरे." हे मी माझ्या पडवीतून ऐकलं. मामा ट्रंकेपाशी खाली बसले. त्यांनी तिला विचारलं, "आनि बैल?" ती म्हणाली, "कमळूला देऊ."

ती दोघंही जायचीच होती. बैल कमळूकडं पोचलाही होता. पण त्या पावसात मामीला ताप धरला. कर्जतहून डाक्टर आणला, काढे झाले, मलिद्याचा नवस झाला. ताप काही उतरला नाही. शेवटच्या दिवसांत ती मला म्हणाली, "माझ्या डोळ्यांवर काय ठेवू नगा. मला लाज वाटंल."

तिला न्यायच्या वेळी सगळे मामांकडं बघत होते. मामांनी खुंटीवरचा बटवा काढला, उलटा करून झाडला. तो रिकामाच होता. मग ते मागल्या दारी गेले, आंब्याखाली वाकले, आणि मूठ मिटून परत आले. या वेळी डोळे उघडे होते. तिच्या पापण्यांवर ती माती ठेवून म्हणाले, "लाज कसली, राहेल. लोकांस्नी तू पोचवलंस." मी तेव्हा मागं उभ्या माझ्या सासूबाईंना धरलं, का त्यांनी मला धरलं, आठवत नाही.

दिवाळीनंतर मामा निघाले. एकटे. कोणी त्यांना थांबवलं नाही आणि त्यांनीही कोणाला चल म्हटलं नाही. पोचवायला आम्ही बैलगाडीनं कर्जतपर्यंत गेलो, मी, सासूबाई आणि गाडी हाकायला कमळू पाटील. बैल मामीचाच. वाटेत दोन्ही बाजूंना भात कापून झालेला होता आणि मोकळ्या शेतात वाल वर यायला लागला होता. कमळू वाटभर एकच विचारत होता, "हवालदार, हीर खनायला मानूस मिळंल ना तिथं?"

स्टेशनात आमच्या ह्यांनी मामांना खिडकीपाशी जागा धरून दिली. ट्रंक बाकाखाली सरकवली. मामांनी कमळूला पुन्हा पोटाशी धरलं, सासूबाईंना हात जोडले. मी खिडकीशी उभी राहिले तेव्हा मला त्यांच्या कमरेला तो कातडी बटवा दिसला. नाडी घट्ट बांधलेली, आणि बटवा चांगला फुगलेला.

मी म्हटलं, "मामा, माती आणायला निघालात, तर बटवा रिकामा नको का?"

त्यांनी बटव्यावर हात ठेवला. म्हणाले, "आणायला नाय चाललो, पोरी. न्यायला चाललोय. तिथली माती मला तिथं मिळंलच की, फुकट. डोळ्यांवर घालायला ही लागंल."

रडू दिसू नये म्हणून मी काहीतरी बोलले, "चाळून तरी घेतलीत का? नायतर तिथं वाल उगवंल."

गाडी हलली. मामांनी ऊन असूनही खिडकीतून तोंड बाहेर काढलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला ते हसताना दिसले.

"उगवू दे की," ते म्हणाले.